ब्लॅक्सला जातेस तर

तिथे लोक कपड्यांवाचून हिंडतात, ही सॅन डिएगोच्या ब्लॅक्स बीचची सगळ्यांत बिनमहत्त्वाची गोष्ट. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या परवाच्या फोनमधली निम्मी कुजबुज त्याबद्दल होती आणि कड्याबद्दल तू अवाक्षर विचारलं नाहीस. अगं, उघडी माणसं कुणाचं काही बिघडवत नाहीत. तिथे माणसं जायबंदी होतात ती दरडीखाली, पाण्याच्या ओढीत आणि अंधार पडल्यावर भलत्या वाटेने वर चढताना. इतकी वर्षं या गावात काढल्यावर माझं मत असं झालंय की नवखा माणूस आपली सगळी भीती कपड्यांवर खर्च करतो आणि जिथे खरं घाबरायला हवं तिथे शीळ घालत फिरतो. तू तसं करू नकोस.

तुझ्या विद्यापीठाच्या पश्चिमेला रस्ता ओलांडून चालत सुटलीस की थोड्या वेळात जमीन संपते. उतार वगैरे काही नाही, एकदम संपते. खाली सुमारे तीनशे फूट कडा, मग वाळूचा पट्टा, मग पॅसिफिक. काळ्या वाळूचा काही संबंध नाही हं. वरच्या माळावर ज्यांचे घोड्यांचे तबेले होते त्या ब्लॅक कुटुंबाचं नाव किनाऱ्याला चिकटलं. उत्तरेला टॉरी पाइन्सचं राज्य उद्यान, दक्षिणेला ला होया शोअर्सच्या बाजूला स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा लांबलचक धक्का. कड्याच्या माथ्यावर सॉल्क संस्था आहे, ती मात्र सवडीने बघ. १९६५ साली पुरी झालेली ही इमारत लुई कानची, म्हणजे अहमदाबादचं आयआयएम ज्याने उभं केलं त्याचीच. तिला लागूनच ग्लायडरपोर्ट. १९३० साली चार्ल्स लिंडबर्गने माउंट सोलेडॅडवरून ग्लायडर सोडला आणि या कड्यांवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या जोरावर तो डेल मारपर्यंत गेला. त्याच वाऱ्यावर आजही रंगीबेरंगी छत्र्या दिवसभर तरंगत असतात. खाली उघडं बसायचं तर वरून माणसं उडत जाणार, हे मनाशी धरून बैस.

आता वेळेचं. आपल्या कोकणात, हर्णैला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या. तुझे आजोबा घड्याळ न बघता हे सांगायचे. तो हिशेब इथे लावू नकोस, पार फसशील. या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक छोटी, ओहोट्यांचंही तेच. शिवाय अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती थंडीत सकाळी आठ-नऊच्या सुमाराला येते, तर उन्हाळ्यात रात्री. तिथी बघायची ती उधाण आहे की भांग, एवढं कळायला. वेळ मात्र तक्त्यातूनच घे. अमेरिकी सरकारचं भरती मोजण्याचं यंत्र स्क्रिप्सच्या त्या धक्क्यावरच बसवलेलं आहे, म्हणजे तुझ्या किनाऱ्यापासून मैल-दीड मैलावर. ‘ला होया’ नावाचा तक्ता तोच. यापेक्षा जवळचा आकडा जगात कुणाला मिळत नसेल.

चढउतार कोकणापेक्षा कमी, मोठ्यात मोठ्या दिवशीही आठ-नऊ फुटांच्या आत. पण मागे कडा असल्याने तेवढंच पुरतं. पाणी चढलं की काही ठिकाणी वाळू उरतच नाही, लाट थेट कड्याच्या पायाशी जाऊन फुटते आणि माणूस दोन्हींच्या मधे सापडतो. साधा नेम ठेव: ओहोटी पुरी व्हायच्या दोनेक तास आधी खाली असायचं आणि पाणी फिरलं की परतीचा विचार सुरू करायचा. थंडीत यात एक पेच आहे, तो नीट समजून घे. डिसेंबर-जानेवारीतली खोल ओहोटी येते दुपारी तीन-चारला. किनारा तेव्हा मोकळा, ऊन सोनेरी, सगळं इतकं सुंदर असतं की पाय निघत नाही. पण पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. म्हणजे पाणी चढायला लागणं आणि अंधार पडणं एकाच वेळी. त्या दिवसांत साडेतीनला पाठ फिरवायची, मग लाटा कितीही चांगल्या असोत.

उन्हाळ्यात उलटं. मोठी ओहोटी पहाटेची, ती तुला मिळायची नाही. पण उन्हाळ्याच्या शांत लाटा वाळू आणून टाकतात, त्यामुळे किनारा रुंद असतो. हिवाळ्यातल्या लाटा तीच वाळू ओढून नेतात आणि खालचे गोटे उघडे पडतात. मे-जूनमध्ये कॅलिफोर्निया म्हणून ऊन खायला आलीस तर दुपारपर्यंत मळभाखाली कुडकुडशील. माझं ऐकशील तर सप्टेंबर-ऑक्टोबर. पाणी त्यातल्या त्यात उबदार, आकाश स्वच्छ, आणि सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली.

खाली उतरायच्या वाटा चार-पाच आहेत. पहिल्यांदा जाशील तेव्हा ला होया फार्म्स रोडवरून जाणारा डांबरी रस्ता धर. तो फाटकाने गाड्यांना बंद आहे, पायी जाणाऱ्यांना आत वाट आहे. चढ असा की येताना पोटऱ्या बोलतात, पण पायाखाली डांबर आहे आणि हातात सर्फबोर्ड असला तरी तोल जात नाही. रस्त्यावर गाडी लावायला वेळेची मर्यादा असते, पाटी वाच. दुसरी वाट ग्लायडरपोर्टवरून. तिथे धुळीचं मोठं मैदान आहे, गाडी फुकट लागते, म्हणून सगळे तिकडे जातात. पायऱ्या आहेत, काही लाकडाच्या, काही नुसत्या मातीत खोदलेल्या; काही टप्पे इतके उभे की उतरताना हात टेकावा लागतो. पावसानंतर ती माती साबण होते. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत त्या शोभेला नाहीत. वाट बंद असल्याची पाटी किंवा पट्टी दिसली तर शेजारून पायवाट पडलेली असली तरी मागे फिर. गाडी नसेल तर ट्रॉलीची निळी लाइन २०२१ पासून थेट विद्यापीठापर्यंत येते, तिथून चालत ये. तुला तर ते घरचंच आहे.

तिसरी वाट आहे तिला पोरं हो चि मिन्ह ट्रेल म्हणतात. घळीतून, फटींतून, कुठे फळीवरून, कुठे दोराला धरून उतरायचं. तुझ्या प्रयोगशाळेतलं कुणीतरी पहिल्याच महिन्यात तुला तिकडे न्यायला बघेल, कारण नवख्याला तिकडे नेण्यात इथल्या पोरांना मोठेपणा वाटतो. तू राजगडाची बालेकिल्ल्याची वाट चढली आहेस, ते मला ठाऊक आहे. तिथे पायाखाली कातळ होता. इथे कातळ नाही.

आणि हेच मला तुला नीट सांगायचंय. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा उभ्या कड्यावर उगाच विश्वास बसतो. आपला कडा म्हणजे काळा बेसॉल्ट, हातोडा मारला तर ठिणगी उडेल असा. हा कडा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या गाळाचा: वाळूचा दगड, चिखलाचा दगड, पुन्हा वाळूचा, थरावर थर. नखाने खरवडलंस तर काही थरांतून दाणे हाताला येतात. वरून पावसाचं आणि माथ्यावरच्या बागांना घातलेलं पाणी मुरतं, खालून लाटा पाया पोखरतात, आणि एक दिवस मधला भाग सुटतो. २० जानेवारी २०२३ ला ब्लॅक्सवर अख्खा उतार भरदुपारी खाली आला. लोकांनी तो फोनवर टिपला, ते चित्रण तुला सहज सापडेल, जायच्या आधी एकदा बघच. मोठा आवाज होऊन कोसळण्याआधी तो हळूहळू सरकत येतो आणि माणसं पळायचं सोडून बघत उभी राहतात. त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही. याच किनारपट्टीवर थोडं उत्तरेला, एन्सिनिटासला, ऑगस्ट २०१९ मध्ये कडा कोसळून एकाच कुटुंबाच्या मेळ्यातल्या तीन बायका गेल्या. उन्हाळ्याची दुपार, कोरडी हवा, वाळूवर खुर्च्या मांडून बसलेल्या. तेव्हा पाऊस नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नकोस.

कडा वाचायला शीक. जुना भाग करडा-तपकिरी असतो, कडा झिजलेल्या, मधून झुडपं उगवलेली. ताजा तुटलेला भाग फिकट पिवळा, धारदार कडांचा, आणि त्याच्या पायथ्याशी ढेकळांचा ढीग. लाटांनी तो अजून धुऊन नेलेला नसला तर समज की हे हल्लीचं काम आहे. उभ्या भिंतीवर ओल्या रेघा दिसल्या किंवा कोरड्या दिवसांतही एखाद्या पट्ट्यातून पाणी झिरपताना दिसलं, तर तिथून सरळ पुढे हो. वरून बारीक खडे भुरभुरत येतात त्याचा आवाज लाटांच्या आवाजात हरवतो, म्हणून कानात संगीत घालून कड्याजवळून चालू नकोस. सावलीच्या मोहाने भिंतीला पाठ लावून बसू नकोस. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी कड्याची सावली लांबवर पडते. हवी तर तिच्या पार टोकाला, पाण्याच्या बाजूला बैस. पोरं मऊ दगडात नावं कोरत बसलेली दिसतील. त्यांच्या शेजारी थांबू नकोस. माथ्यावर असशील तेव्हाही कठड्याच्या अलीकडेच राहा, कारण आपण उभे असतो त्या जमिनीखालचा भाग आधीच निघून गेलेला असू शकतो आणि ते वरून दिसत नाही.

पाऊस झाला की चार-पाच दिवस तिकडे फिरकायचं नाही. पावसानंतर समुद्रातही गटारांचं पाणी उतरलेलं असतं, आरोग्य खातंच तीन दिवस पोहू नका म्हणून सांगतं. दोन्ही कामं एका नेमात होतात.

लाटांचं ऐक आता, तुला त्यातच रस आहे. तू गोव्यात आश्व्याला सर्फिंग शिकलीस, मांद्र्याच्या त्या गुडघ्या-कमरेएवढ्या, दमादमाने येणाऱ्या लाटांवर उभी राहायला लागलीस, मला त्याचा अभिमान आहे. ब्लॅक्सच्या लाटेशी त्या लाटेचं नातं नाही. कारण वर दिसत नाही, ते पाण्याखाली आहे. किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर स्क्रिप्स कॅन्यन नावाची खोल दरी समुद्रतळाशी सुरू होते. खोल पाण्यावरून लाट वेगाने धावते, उथळ पाण्यात ती मंदावते. म्हणून दरीवरून येणारी लाट पुढे निघून जाते, दोन्ही अंगांचे तिचे भाग मागे रेंगाळतात, आणि सबंध लाट वाकते. दरीच्या समोर जोर पसरून पातळ होतो. दरीच्या बाजूला, म्हणजे ब्लॅक्सला, तोच जोर येऊन साचतो. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर १९४७ सालीच हे आकडे मांडून दाखवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायला लाटांचा अंदाज बांधणाऱ्यांतला हा माणूस. १०१ वर्षं जगला, शेवटपर्यंत ला होयातच. २००३ मध्ये तर या दोन-तीन मैलांच्या किनाऱ्यावर यंत्रं रोवून शास्त्रज्ञांनी नुसता हाच खेळ मोजला. जगात इतका मोजलेला सर्फचा किनारा क्वचितच असेल.

यातून तुझ्या कामाचं एवढंच: ला होया शोअर्सला लाट कमरेएवढी दिसते त्या दिवशी ब्लॅक्सला ती डोक्याच्या वर असू शकते. अंतर चालत जाण्याएवढं, आणि समुद्र दोन वेगळे. तेव्हा पहिला सगळा हंगाम शोअर्सला काढ. तिथे थंड पाण्याची, वेटसूटची आणि इथल्या लोकांच्या शिस्तीची सवय होऊ दे. मग उन्हाळ्यात एखाद्या लहान दिवशी ब्लॅक्सला ये, आणि पहिल्या वेळी बोर्ड न घेता ये. अर्धा तास वाळूवर बसून नुसतं बघ. लाट कुठे फुटते, सर्फर कुठून आत जातात, आणि कुठे फेस किनाऱ्याकडे यायचं सोडून उलटा समुद्राकडे चाललाय. ती ओढ. तिथे लाटा फुटत नाहीत म्हणून नवख्याला तीच सोपी वाट वाटते. पट्टीचे सर्फर तिचाच उपयोग करून बाहेर जातात, पण ते त्यांनी जाणूनबुजून केलेलं असतं. तू सापडलीस तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नकोस. बोर्ड सोडू नकोस, किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला हो, आणि फुटणाऱ्या लाटेने आत ये. हात वर करून हाक मारण्यात कमीपणा काहीच नाही. जीवरक्षक उन्हाळ्यात असतात; थंडीतल्या आडवारी त्यांच्या भरवशावर जाऊ नकोस. एकटी तर मुळीच जाऊ नकोस.

लाट कुणाची, याचा नियम जगभर एकच आहे: जो फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यांत जवळ, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात उभी राहिलीस तर ब्लॅक्सला शिव्या बसतील, आणि त्या रास्त असतील. बोर्डाची दोरी पायाला पक्की बांध. तू पडलीस की तुझा बोर्ड मागच्याच्या तोंडावर जाता कामा नये.

पाणी थंड आहे. तू म्हणशील, माहीत आहे; तुला माहीत नाही. हर्णैला पाण्यात उतरताना शहारा येत नाही. इथे जानेवारी-फेब्रुवारीत पाणी चौदा-पंधरा अंशांवर असतं, उन्हाळ्याच्या शेवटी वीस-बावीस. हिवाळ्याला छातीवर चार मिलिमीटर आणि हातापायांना तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट लागतो. ‘फोर-थ्री’ म्हणून मागायचा. जुना घ्यायला हरकत नाही, पण मानेशी आणि शिवणीशी उजेडात धरून बघ; तिथून पाणी शिरत असेल तर स्वस्तात घेऊन उपयोग नाही. गंमत बघ, सगळ्या कॅलिफोर्नियात ज्या किनाऱ्याची उघड्या अंगांसाठी ख्याती, तिथल्या पाण्यातली माणसं मानेपासून घोट्यापर्यंत रबरात बंद असतात.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, घासत टाक. वाळूत पाकटं पुरून बसलेली असतात, विशेषतः उन्हाळ्यात. पाय घासत गेलं की त्यांना आधी चाहूल लागते आणि ती पळतात. वर पाय पडला तर शेपटीचा काटा घोट्यात बसतो, आणि ती कळ बाळंतपणाच्या कळेसारखी असते असं सांगणारे पुरुष मला इथे भेटले आहेत. त्यांना कुठून कळलं, देव जाणे. उपाय गरम पाणी, सोसवेल तेवढं गरम, आणि त्यात पाय बराच वेळ बुडवून ठेवायचा. म्हणूनच मोठा थर्मास वर गाडीत ठेवत जा. काटा आत राहिला असेल, छातीत-पोटात लागला असेल किंवा श्वास जड वाटला तर मात्र घरगुती उपाय नाहीत, ९११.

बरं, कपडे. किनाऱ्यावर दोन राज्यं आहेत. १९७४ साली सॅन डिएगो शहराने इथल्या एका पट्ट्यात पोहण्याचा पोशाख ऐच्छिक केला, आणि १९७७ साली मतदारांनीच मतदान करून ते रद्द केलं. त्यामुळे दक्षिणेकडचा, शहराच्या हद्दीतला भाग कपड्यांचा. डांबरी रस्ता तिथेच उतरतो आणि सर्फरही बहुतेक तिथेच असतात. ग्लायडरपोर्टच्या वाटेने उतरून उत्तरेला वळलीस की राज्य उद्यानाची हद्द. नियमाच्या पुस्तकात तिथेही मनाई आहे. पण १९७९ साली राज्य उद्यानांचे तेव्हाचे संचालक रसेल केहिल यांनी असं धोरण ठेवलं की कुणी तक्रार केली तरच पहारेकऱ्याने लक्ष घालायचं. तेव्हापासूनच्या रिवाजावर तो पट्टा चालत आलाय. आपल्या गावात दुसऱ्याच्या आगरातून जाणारी वहिवाटीची पायवाट असते ना, तसं: सातबाऱ्यावर नोंद नाही, पण कुणी अडवत नाही, आणि वाट टिकते ती जाणारे नीट वागतात म्हणून.

तुला कपडे काढायची सक्ती नाही. कपड्यांत गेलीस तर कुणी वळून बघणार नाही. काढावेसे वाटले तर हद्द कुठे लागते ते बघून काढ, उठून दक्षिणेला निघालीस की पंचा गुंडाळ. बस, एवढंच शास्त्र. तिथले नेहमीचे लोक बहुतेक माझ्या वयाचे, डोक्याला टोपी, डोळ्याला चष्मा, पायात जाड तळव्याचे बूट, आणि मधे काही नाही. व्हॉलीबॉल खेळतात, गुणांवरून भांडतात, जाताना दुसऱ्यांनी टाकलेला कचरा पिशवीत भरून वर नेतात. पहिली पाच मिनिटं आपल्याला कुठे बघावं कळत नाही. चेहऱ्याकडे बघ. सहाव्या मिनिटाला तुझं लक्ष बॉलकडे गेलेलं असतं.

काही गोष्टी मात्र अगदी कटाक्षाने. फोन बाहेर काढायचा नाही. समुद्राचा फोटो, सूर्यास्ताचा फोटो, स्वतःचा फोटो, काहीच नाही. तुझ्या चौकटीच्या कोपऱ्यात कोण येतंय ते तुला कळणार नाही आणि त्याला तुझा हेतू कळणार नाही. दुसऱ्याच्या पंचाशेजारी पंचा पसरायचा नाही, किनारा मोठा आहे. बसायचं ते स्वतःच्या पंचावर. टक लावून बघायचं नाही, आणि हे मी आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. सत्तरच्या दशकात हणजूणला हिप्पी उघडे बसायचे तेव्हा बसा भरभरून आपले पुरुष बघायला जायचे. इथेही कड्यावरून दुर्बीण लावणारे असतात, त्यात सगळ्या देशांचे आहेत. तुझ्या ग्रुपमधला एखादा मुलगा ‘बघायला’ म्हणून येतो म्हणाला तर त्याला घेऊन जाऊ नकोस, सरळ नाही म्हण.

तू बाईमाणूस आहेस, तरुण आहेस. कधीतरी कुणीतरी येऊन नको इतका वेळ गप्पा मारत उभा राहील. ‘आय ॲम गुड, थँक्स’ म्हणून पुस्तकात डोकं घाल. हलला नाही तर उठून त्या व्हॉलीबॉलवाल्या म्हाताऱ्यांच्या जवळ जाऊन बैस. त्यांना समजतं. अशा माणसाला पिटाळून लावणं हे ते आपलं काम समजतात, कारण त्याच्यामुळे त्यांचा किनारा बंद होऊ शकतो. लाज वाटून गप्प बसून राहू नकोस.

आणि उन्हाचा लेप. जिथे जन्मात ऊन लागलेलं नाही तिथे आधी लाव, सढळ हाताने, दोन तासांनी पुन्हा. सावळं आहोत म्हणून आपल्याला काही होत नाही, ही समजूत बोरिवली स्टेशनवर ठेवून यायची होती. मळभाच्या दिवशी तर जास्तच भाजतं, कारण कुणी लावतच नाही.

खाली काही मिळत नाही. नळ नाही, सावली नाही, संडास नाही. जे काय ते वर ग्लायडरपोर्टवर उरकून उतर. माणशी दोन लिटर पाणी घे, सर्फ करणार असशील तर जास्त. खायला मी गुळपोळी नेते, ती उन्हात खराब होत नाही आणि वाळू लागली तरी झटकता येते. पोह्यांच्या वाटेला जाऊ नकोस. काचेची बाटली आणि दारू दोन्हींना मनाई आहे. कुत्र्याला नेऊ नये. चपला नको, मागे पट्टा असलेले बूट हवेत. फोनला कड्याखाली रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कोणत्या वाटेने उतरतेस आणि किती वाजेपर्यंत वर येणार ते मला आधी कळव. ती वेळ टळून तासभर झाला तर मी जीवरक्षकांना फोन करणार आहे, मग तुला कितीही ओशाळं वाटो. कड्यावर अडकलेल्यांना दोराने काढण्यात त्यांचा हात बसलेला आहे, ते येतील.

वर चढताना बोर्ड डोक्यावर घे, बगलेत नको. कड्याला घासून येणारा वारा बगलेतला बोर्ड फिरवतो आणि माणसाला सोबत नेतो. मधे दोनदा थांब. घाईने वर येणारी पोरं ग्लायडरपोर्टच्या मैदानात भोवळ येऊन बसलेली मी पाहिली आहेत, समुद्रात तीन तास काढल्यावर ते तीनशे फूट खरे लागतात.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फोटो पाठवायचेच तर सॉल्कच्या अंगणातले पाठव, मधून पाण्याची रेघ जाते तो. ‘ब्लॅक्सला गेले होते’ म्हणालीस तर ती नकाशा उघडेल, तिला उडत्या छत्र्या दिसतील, आणि ती मला फोन करून विचारेल की पोरीला उडायला कशाला पाठवलंस. ते मी निभावून नेईन.